पिठ्या ढेकणाची स्लाइड

सरांचा पाणउतारा व्हावा असं मला वाटत होतं, आणि तो चारचौघांत व्हावा असं वाटत होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी कुणी भली बाई होते असा गैरसमज व्हायला नको.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी बी.एस्सी. होऊन सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर लागले होते, तेही हंगामी. दर जूनला नवी नेमणूक, आणि ती सरांच्या सहीनं. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. उंच, पांढरा बुशकोट, इंग्रजी फर्डं. वर्गात शिकवायचे तेव्हा शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी येऊन ऐकायची.

माझं गाव कडेगावच्या बाजूला. वडील फौजेत, ऊस आई बघायची. एका सुट्टीत आमच्या पेरूच्या झाडाला पिठ्या ढेकूण लागला होता. फांदीच्या बेचक्यात पीठ सांडल्यासारखे पांढरे पुंजके. आई राखेनं झाडायला निघाली होती, तेवढ्यात मी एक फांदी कापून डब्यात घातली. या किड्याबद्दल मी कोल्हापूरच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक परदेशी लेख वाचला होता आणि तो माझ्या डोक्यातून जात नव्हता.

प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या कपाटात मी ते किडे तांबड्या भोपळ्यावर वाढवले. भोपळा नासायला लागला की दुसरा आणायचा. मादी कापसासारख्या पुंजक्यात अंडी घालते. ते एकेक अंडं सुईनं उचलायचं, कार्मिनच्या लाल रंगात भिजवायचं, काचपट्टीवर ठेवून टीपकागदाखाली अंगठ्यानं दाबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. कार्मिन हा रंगसुद्धा याच किड्याच्या भावकीतल्या एका किड्यापासून निघतो. माझी बोटं दोन वर्षं लालच होती.

बघायचं ते असं. या किड्याच्या पेशीत दहा गुणसूत्रं, पाच आईकडची, पाच बापाकडची. अगदी कोवळ्या गर्भात दहाही सारखीच, बारीक, मोकळी. मग पेशींची संख्या थोडी वाढते आणि काही गर्भांत एक विलक्षण गोष्ट घडते. पाच गुणसूत्रं घट्ट आवळली जातात आणि प्रत्येक केंद्रकात एक गडद ठिपका होऊन बसतात. ज्या गर्भात असं होतं तो नर होतो. उरलेल्या माद्या. आवळून बसतात ती नेमकी बापाकडची पाच. जनुकं कुठं जात नाहीत, तुटत नाहीत. सगळी जागच्या जागी असतात, पण इतकी गच्च गुंडाळलेली की पेशीला त्यातलं अक्षर वाचता येत नाही. मुलगा जगतो तो आईच्या जनुकांवर.

परदेशात कुणी नरांना क्ष-किरणांनी भाजून त्यांची संतती पाहिली होती. मुली मेल्या. मुलगे जगले, कारण बापाची जळकी जनुकं त्यांच्यात बंदच होती. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "म्हंजी बापानं केल्यालं पोरींनीच भोगायचं म्हन की. किड्यातबी तसंच हाय व्हय?"

दोन वर्षांत मी शेकडो स्लाइडी केल्या. गर्भाच्या कुठल्या टप्प्यावर ठिपका पहिल्यांदा दिसतो, आधी कुठल्या पेशींत दिसतो, याची चित्रं पेन्सिलीनं काढून वही भरली. सर अधूनमधून यायचे, वही चाळायचे, "गुड, गुड" म्हणायचे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. मोठ्या माणसाला वेळ नसेल, असं मी समजत होते. एकदा त्यांनी वही घरी नेली आणि पंधरा दिवस ठेवून घेतली. मला तर अभिमानच वाटला.

पावसाळ्याआधी विभागाच्या टेबलावर सायक्लोस्टाइल केलेले कागद पडलेले दिसले. साताऱ्याच्या एका कॉलेजात प्राध्यापकांचं चर्चासत्र होतं, त्यात सर निबंध वाचणार होते. पिठ्या ढेकणाच्या गर्भातली गुणसूत्रं. टप्पे माझे, चित्रं माझी. एका चित्रात माझ्या हातून रेघ हलली होती, तीसुद्धा तशीच उतरली होती. नाव फक्त सरांचं. शेवटी एक ओळ होती: स्लाइडी तयार करण्यास विभागातील साहाय्यकांची मदत झाली.

मी त्यांच्या खोलीत गेले. "सर, यात माझं नाव नाही."

ते वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "स्लाइड करणं म्हणजे संशोधन नव्हे."

"टप्पे मी शोधलेत, सर."

तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि हसले. "लग्नात जेवण कुणीतरी रांधतंच. म्हणून स्वयंपाकिणीचं नाव पत्रिकेवर छापतात का? जा, आणि प्रात्यक्षिकासाठी नराची एक चांगली स्लाइड निवडून ठेव. तिकडे सूक्ष्मदर्शक लावायचाय."

मी "हो सर" म्हणाले. जिना उतरले. खाली मार्केट यार्डाकडून हळदीचा वास येत होता, आणि त्या वासात उभी राहून मी ठरवलं की या माणसाला मी सोडणार नाही.

वही जाळावी, भोपळे फेकून द्यावेत, स्लाइडींवरची लेबलं उलटीपालटी करावीत, असं सगळं मनात येऊन गेलं. पण खोटं काही करायचं नव्हतं. खोटं केलं असतं तर माझंच काम मेलं असतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की खोटं करायची गरजच नाही.

सरांच्या निबंधात एक ठाम वाक्य होतं: नराच्या शरीरातील प्रत्येक पेशीत बापाचा संच जन्मभर बंद राहतो. हे त्यांनी माझ्या वहीवरून ताणून लिहिलं होतं, आणि ते चूक होतं. वही त्यांनी परत केल्यानंतर मी अंड्यांवर न थांबता पिल्लं कापायला सुरुवात केली होती. नर पिल्लाच्या कातडीखालच्या पेशीत ठिपका असायचा. त्याच पिल्लाच्या आतड्याच्या पेशीत तो नसायचा. तिथं आवळलेली गुणसूत्रं पुन्हा सैल होऊन मोकळी पडलेली असत. बापाचा बंद संच शरीराच्या एका कोपऱ्यात उघडत होता. आधी मला वाटलं, रंग नीट चढला नसेल. वीस पिल्लं कापली, तरी तेच. मग कोल्हापूरला जाऊन शोधलं, तर परदेशात हे आधीच कुणी पाहिलेलं होतं. मी सरांना सांगणार होते. सांगायच्या आदल्या दिवशीच ते कागद दिसले.

मी नर पिल्लाच्या आतड्याची एक सुरेख स्लाइड निवडली. लेबल लावलं: नर. ते शंभर टक्के खरं होतं. त्याच पिल्लाच्या कातडीची दुसरी स्लाइड माझ्या पिशवीत ठेवली. पहिली स्लाइड तीन दिवस सरांच्या टेबलावर होती. तीन दिवस मी दारावरून जाताना आत बघत होते. त्यांनी एकदा जरी डोळा लावला असता, तरी सगळं टळलं असतं. टळू नये म्हणून मी देवाला हात जोडत होते.

साताऱ्याला आम्ही एस्टीनं गेलो. अजिंक्यताऱ्यावर ढग उतरले होते. सभागृहात पन्नासेक प्राध्यापक असतील, आणि पुण्याहून आलेले एक म्हातारे शास्त्रज्ञ अध्यक्ष होते. सर बोलले ते नेहमीसारखंच देखणं. ते ठाम वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. टाळ्या झाल्या. मग अध्यक्ष काठी टेकत सूक्ष्मदर्शकापाशी गेले आणि वाकले. बराच वेळ वाकूनच होते.

"यात ठिपका नाही," ते म्हणाले.

सर पुढे झाले. त्यांनी डोळा लावला, आरसा फिरवला, भिंगं बदलली. त्यांच्या मानेवर घाम आला होता. मी तो मोजूनमापून बघत होते. "लेबल चुकलंय," ते सरळ होत म्हणाले. "ही मादी असणार. आमच्या साहाय्यक बाईंचा निष्काळजीपणा." मग मागं वळून मोठ्यानं म्हणाले, "कुठायत त्या?"

मी शेवटच्या रांगेतून उठले. "लेबल बरोबर आहे, सर. तो नरच आहे."

"मग ठिपका कुठाय?"

"आतड्याच्या पेशीत तो उघडतो, सर. हे त्याच पिल्लाचं कातडं." मी पिशवीतली स्लाइड अध्यक्षांच्या हातात दिली. त्यांनी ती लावली, पाहिली, पुन्हा पहिली पाहिली.

"प्रत्येक पेशीत बंद राहत नाही तर," अध्यक्ष सरांकडे बघत म्हणाले. "तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?" मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. इतकं गोड मला त्याआधी आणि नंतर काही लागलेलं नाही.

चहाच्या वेळी ते म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले. "हे कधीपासून माहीत होतं?"

"महिना झाला."

"आणि त्यांना?"

"त्यांनी विचारलं नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "हात चांगला आहे तुमचा. डोळाही. माझ्याकडे एक जागा आहे. पण ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला खड्ड्यात पाडायला राखून ठेवणारं माणूस मी घेणार नाही."

"दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर लावणारं घ्याल?" मी विचारलं.

"तेही नाही," ते म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

परतीच्या एस्टीत सर पुढच्या बाकावर होते. कराड येईपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. जूनमध्ये माझी नेमणूक झाली नाही. भोपळ्यांचं कपाट रिकामं करून फिनेलनं धुऊन काढलेलं मी स्वतः पाहिलं.

गावी जाऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, शाबासकी देईल. ती म्हणाली, "लय बेस केलंस. पर नोकरी गेली न्हवं? तुझ्या बापानं असंच बांधावरनं चुलत्याशी अकरा वरसं वैर धरलं. बांध मिळाला, पर तवर हिरीचं पानी गेल्यालं."

"अगं आई, मग गप बसायचं होतं?"

"न्हाई. गप नसतं बसायचं," ती म्हणाली आणि वैरण घालायला उठली.

पुढे शिराळ्याच्या एका शाळेत मला विज्ञान शिक्षिकेची नोकरी लागली. सरांनी गुणसूत्रं सोडली आणि ते कृष्णेतल्या माशांकडे वळले, असं कानावर आलं. ऐकून मी दोन दिवस खुशीत होते.

दशक संपता संपता त्यांच्या निवृत्तीचा सत्कार झाला. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी तरीही गेले आणि मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. भाषणात त्यांची नजर माझ्यावर आली आणि वाक्य अर्ध्यात तुटलं. तेवढ्यासाठीच मी गेले होते. शेजारच्या जुन्या सहकाऱ्यानं कानाशी सांगितलं, "आता बरे आहेत हो. मोतीबिंदू काढला. त्या काळात तर त्यांना बारीक काहीच धड दिसत नव्हतं. कुणाला कळू दिलं नाही."

कार्यक्रम संपल्यावर ते स्वतःच माझ्याकडे आले. जाड भिंगांतून डोळे मोठे दिसत होते. "तेव्हाच तुला सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "मला दिसत नाही म्हणून. तू बघून सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं, सर," मी म्हणाले. "आणि तुम्ही ते तुमच्या नावावर लिहिलं असतं."

ते नाही म्हणाले नाहीत, एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. मी नमस्कार केला नाही. बाहेर येऊन शिराळ्याची गाडी पकडली. म्हाताऱ्या माणसाचं वाईट वाटायला हवं होतं, इस्लामपूरपर्यंत वाटलंही. त्यानंतर नाही.