सुरमईचा कौल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवाला सांगायचा प्रश्नच नव्हता, कारण तो तिथे हजर होता. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या देवळात मी कौल फिरवला. ज्याच्यासाठी फिरवला तो माझा साडू, माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. त्याच्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: तोंडवलीपासून देवबागपर्यंत आजवर जितके मासे तव्यावर पडले, त्यातले निम्मे एकट्या त्याच्या पोटात गेले असतील, आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल त्याला मनापासून वाईट वाटत असे.

साडू नारळांचा व्यापारी. आचऱ्याच्या रस्त्याला त्याची वखार आहे. नारळावर टिचकी मारून आत पाणी किती, खोबरं कसं, हे तो न फोडता सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही. पुढे पुढे ही टिचकी नारळापुरती राहिली नाही. तो कलिंगडावर टिचकी मारी, दुसऱ्याच्या घराच्या खांबावर मारी, बारशाला गेला की पाळण्यातल्या पोराच्या पोटावर मारून "भरलेलो आसा" असा दाखला देई. मालवणातल्या डॉक्टरांनी तपासताना त्याच्या गुडघ्यावर हातोडी मारली, तर यानेही त्यांच्या पाठीवर टिचकी मारली आणि बाहेर येऊन मला निदान सांगितलं, "पाणी कमी आसा रे साडू. स्वतः काय खाणा नाय, तो माका काय खाऊचा ता सांगता!" अंतरंही तो माशांत मोजायचा. मालवण त्याच्या वखारीपासून चार बांगड्यांवर होतं, म्हणजे निघताना चार खाल्ले तर पोचेपर्यंत भूक लागत नाही. मुंबई किती बांगड्यांवर आहे, हे त्याने कधी काढलं नाही. तिथले बांगडे त्याला मान्य नव्हते.

अशा माणसाच्या रक्तात साखर निघाली, दाब निघाला, आणखी काय काय निघालं. डॉक्टरांनी खाण्याचा एक तक्ता दिला. साडूने तो घडी घालून खिशात ठेवला आणि वाटेत भजी खाताना हात पुसायला काढला. पण माझी मेव्हणी, जिला आम्ही सगळेच आक्का म्हणतो, तिने तो तेलकट तक्ता उन्हात वाळवला आणि फ्रिजवर चिकटवला. त्या दिवसापासून त्या घरात दोन स्वयंपाकांचं युद्ध सुरू झालं. आक्का स्वतः नाचणीची भाकरी, उकडलेल्या भाज्या, काकडी असं खाऊ लागली आणि तेच नवऱ्याच्या ताटात वाढू लागली. पहिल्या दिवशी तिने बांगडा हळद-मिठात नुसता उकडून समोर ठेवला. साडूने तो उलटासुलटा केला, त्याच्यावर टिचकी मारली आणि विचारलं, "गो, ह्यो मेलो कशान? तापान?" तेव्हापासून उकडलेल्या माशाचं त्या घरातलं नाव 'आजारी मासो'. कोशिंबिरीला तो 'पालो' म्हणे आणि ती खाऊन झाल्यावर गोठ्याकडे बघून हंबरे. ओट्सच्या पाकिटावर त्याने खडूने 'घोडो' असं लिहून ठेवलं होतं, पाहुण्यांनी चुकून खाऊ नये म्हणून.

आक्काही हार जाणारी नव्हती. तिने त्याच्यासाठी पावलं मोजणारं मनगटी घड्याळ मागवलं आणि रोज दहा हजार पावलांची अट घातली. पहिले दोन दिवस आकडा शंभराच्या पुढे जाईना. तिसऱ्या दिवशी एकदम बारा हजार! आक्काने हे डॉक्टरांना अभिमानाने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "हे असंच चालू ठेवा." आणि त्याने ते चालू ठेवलं, म्हणजे रोज सकाळी दारावर येणाऱ्या मासेवालीच्या हातात घड्याळ बांधायचं, ती तीन वाड्या फिरून आली की परत घ्यायचं, आणि उपकार म्हणून तिची उरलेली टोपली रिकामी करायची. जितकी पावलं जास्त तितके मासे जास्त. महिनाभरात मासेवाली बारीक झाली.

देवाच्या बाबतीत मात्र साडू कडक. सोमवार, गुरुवार म्हणजे शिवराक, माशाचं नाव नाही. डॉक्टरांचा एक शब्द न ऐकणारा हा माणूस देवाच्या वाराला कोलंबीकडे नजर वर करून बघायचा नाही. अर्थात देवाने मासे वर्ज्य केले होते, तेल नव्हे. त्यामुळे शिवराकाच्या दिवशी वडे, काळ्या वाटाण्याची खोबरं घातलेली आमटी, वरून गुळातलं खाजं. आणि त्यावर "आज आपलो उपासच आसा" असं म्हणत पोटावरून हात.

आणि हेच आक्काच्या ध्यानात आलं. एका दुपारी ती माझ्याकडे आली. आमच्या देवळातल्या पूजेची पाळी वर्षातले तीन महिने आमच्या घराकडे असते, आणि कौल लावायचं काम माझ्याकडे. देवाच्या पाषाणावर डाव्या-उजव्या बाजूला पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आक्का म्हणाली, "भावोजी, ह्यांका डॉक्टराचा पटना नाय, माझा पटना नाय. देवाचा पटात. देवाक विचारूया. देवान उजवो दिल्यान तर तळलेला बंद." तिच्या आवाजात थट्टा नव्हती. दोनदा रात्रीचं त्याच्या छातीत दुखलेलं, हे तिने मला तेव्हाच सांगितलं, आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातली.

साडू लगेच तयार झाला. देवासमोर नाही म्हणणार कसा? पण गाऱ्हाण्यात काय म्हणायचं यावर देवळाच्या पायरीवर दोघांचं अर्धा तास भांडण झालं. "सुक्या माशाचा नाव घेव नको," तो म्हणाला, "सुको मासो म्हणजे मासो न्हय, लोणचा ता." आक्का म्हणाली, "आणि खोबरा?" तो म्हणाला, "खोबरा माझो धंदो आसा गो! देवाक दुकान बंद करूक सांगतंस काय?" शेवटी खोबरं सुटलं, सुकं सुटलं, तळलेलं तेवढं उरलं. मी आत गेलो.

आता मी आत काय केलं ते सांगतो. पाकळी किती ओली लावायची हे हाताला कळतं. जास्त ओली पाकळी दगडाला घट्ट धरून बसते, कोरडट लावलेली लवकर गळते. चाळीस वर्षांत, माझ्या वडिलांच्या किंवा माझ्या हातून, दोन्ही पाकळ्यांच्या ओलाव्यात कधी फरक झाला नव्हता. त्या दिवशी मी उजवी नीट भिजवली आणि डावी नुसती ओठ लावल्यासारखी टेकवली.

का? साडूच्या प्रेमापोटी, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं कारण असं, की आक्काचा तो तक्ता माझ्या बायकोने, तिच्या बहिणीने, उतरवून घेतला होता. आमच्याही घरात आजारी मासे शिजू लागले होते. दर बुधवारी आणि रविवारी मी "नारळ बघून येतो" म्हणून साडूच्या वखारीकडे जात असे, आणि वखारीच्या मागे, चुलीवर, तो सुरमईच्या तुकड्या तळत असे. बाहेरून कुरकुरीत, आत पांढरीशुभ्र. पहिली तुकडी नेहमी मला. "तू खा रे साडू, तू बोलणा नाय म्हणान तुका लवकर भूक लागता." कौल उजवा आला असता तर ती चूल विझली असती. मी देवाचा कौल एका सुरमईच्या तुकडीसाठी फिरवला.

"बा देवा म्हाराजा," मी गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकरान तळलेला सोडूचा काय नाय, तुझो हुकूम असात तसो दी रे म्हाराजा!" मागून दोघंही म्हणाली, "व्हय म्हाराजा!" पाचेक मिनिटांत डावी पाकळी गळली. साडूने देवाला लोटांगण घातलं. उठला तो अंगणात जाऊन तुळशीवृंदावनावरही टिचकी मारून आला.

मला वाटलं होतं आक्का रुसेल, भांडेल, चार दिवसांनी नवीन काही काढेल. तिने तसं काहीच केलं नाही. तिने घरी जाऊन फ्रिजवरचा तक्ता काढला. दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतः तळायला घेतलं. देवाने सांगितलं, ते तिने मानलं. ती स्वतः नाचणीची भाकरी आणि पालाच खात राहिली. नवऱ्याला वाढताना मात्र तुकडी नीट खरपूस झालीय ना ते बघायची. तो अधूनमधून एक तुकडी तिच्या ताटात टाकी, "घे गो, देवाची परवानगी आसा," म्हणे. ती हसून परत त्याच्या ताटात ठेवी. दोन वर्षं मी हे समोर बसून बघितलं, आणि जेवलो.

गेल्या वर्षी साडूची उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, नुसतं तेल नाही, साखर आहे, वय आहे, विड्या आहेत. नेमकं सांगता येत नाही. ते खरंच असेल. मला मात्र नेमकं सांगता येतं. आता तो पडवीत आरामखुर्चीत बसतो. आक्का त्याला चमच्याने पेज भरवते, मीठ बेताचं, सोबत उकडलेला मासा. तो मुकाट्याने खातो, हंबरत नाही. बोलणं जड झालंय, पण मी गेलो की डाव्या हाताने आपल्या उजव्या दंडावर टिचकी मारतो, कान देऊन ऐकल्यासारखं करतो आणि अडखळत म्हणतो, "ह्यातला पाणी आटला, साडू." मग वाटीकडे बोट दाखवतो, "आजारी माणसाक आजारी मासो." आणि हसतो. अर्धंच तोंड हसतं.

या वर्षीचे आमच्या पाळीचे तीन महिने सुरू झाले. परवा सकाळी आक्का फुलं घेऊन देवळात आली. म्हणाली, "भावोजी, एक विचारूचा आसा देवाक. त्या दिवशी चुकला ता माझाच काय? मी देवाकडे तेलाचा विचारलंय. जिवाचा विचारूक व्हया होता. माझा चुकला असात तर उजवो दिवंदे."

मी पाकळ्या हातात घेतल्या. पाण्यात बुडवल्या. पाषाणाजवळ नेलेला माझा हात तिथेच राहिला. एकदा खोटं बोललेला हात तिला खोटी सुटका देणार होता, की खरा कौल लावून, कोण जाणे, उजवी पाडून तिलाच दोषी ठरवणार होता? मी पाकळ्या खाली ठेवल्या आणि म्हणालो, "असल्या प्रश्नाक देव कौल देणा नाय, आक्का." ती "बरां" म्हणाली, फुलं ठेवली, आणि पेजेची वेळ झाली म्हणून घाईने गेली.

देवाने काहीच नाकारलं नव्हतं. आक्काला तेव्हाच मिळायला हवा होता तो उजवा कौल तीन वर्षं माझ्याकडे आहे. तो मी अजून तिला दिलेला नाही.