आझारा आत्या आणि कार्डाचा ताप

आझारा आत्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली, तेव्हा तामाले शहरातल्या निम्म्या लोकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. उरलेल्या निम्म्यांना तिच्या हातचं इंजेक्शन अजून मिळालं नव्हतं. आत्याला मात्र घरात बसून काय करावं ते सुचेना. ती शेजाऱ्यांच्या जिभा बघे, कोंबड्यांचे डोळे बघे, आणि दोघांनाही ते आवडत नसे.

तिच्याच घराच्या पुढच्या खोलीत तिची भाची साफुरा कार्टून फिल्म करत होती. ससा आणि तरसाची गोष्ट, आमच्या दागबानी भाषेतली. मी साफुराचा मामेभाऊ, आवाजाचं काम माझ्याकडे. आमच्यात आते-मामे भावंडांना एकमेकांची टर उडवायची मोकळीकच असते, त्यामुळे काम कमी आणि भांडणं जास्त चालत. चित्रं पक्की करायला कॉम्प्युटरवर सोडली, की तो दिवस-दिवस धापा टाकत बसे. त्यात मार्चचा उन्हाळा. पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे सारखे हलत असायचे.

"हे कसले गं?" आत्यानं एकदा विचारलं.

"वरचा प्रोसेसरचा, खालचा ग्राफिक्स कार्डाचा. किती तापलेत ते कळतं."

"आणि किती झालं की मरतं?"

"मरत नाही आत्या. नव्वदीच्या घरात गेलं की हळू चालतं. फारच वाढलं तर आपलं आपण बंद पडतं."

"शहाणं आहे. माझे पेशंट नव्हते एवढे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओलं फडकं पिळून घेऊन आली आणि थेट कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवायला गेली. साफुरानं तिचं मनगट वरच्या वर धरलं.

"आत्या, पाणी लागलं तर जळेल ते."

"मग ताप उतरवता कसा तुम्ही?"

"वारा द्यायचा. धूळ काढायची."

एवढं कळल्यावर आत्यानं खोलीचा वॉर्ड केला. डबा जमिनीवरून उचलून खिडकीपाशी स्टुलावर ठेवायला लावला. कॉम्प्युटर बंद असताना डब्याचं बाजूचं झाकण उघडून आतल्या पंख्यांवरची धूळ ती मऊ ब्रशनं काढी. वाळवंटाकडून येणाऱ्या वाऱ्यानं आमच्याकडे ताटातल्या भातावरसुद्धा धूळ बसते, पण तिच्या पंख्यांवर बसायची छाती नव्हती. थोड्या दिवसांत ती निदानही करू लागली. "प्रोसेसरचा ताप मलेरियासारखा, झटक्यात चढतो, झटक्यात उतरतो. कार्डाचा टायफॉइड. हळूहळू चढणार आणि मुक्काम ठोकणार."

पारा वाढला की कॉम्प्युटरमधून वाजणारी शिट्टी मात्र तिला पटली नाही. "वॉर्डात घंटेला कोणी उठायचं नाही. माझ्या आवाजाला उठायचे."

म्हणून मी तिचाच आवाज रेकॉर्ड करून शिट्टीच्या जागी बसवला. तिनं माइकसमोर उभं राहून एका दमात सांगितलं, "ताप चढलाय! वाऱ्यासमोर कोण बसलंय? उठा आधी. आणि ते कापड काढा!" कापड म्हणजे, मी धुळीपासून म्हणून डब्यावर टाकत असे ते. त्यावरून मी बोलणी खाल्ली होती.

मग बहिणीला नातू झाला म्हणून आत्या येंडीला गेली, आणि नेमकी तेव्हाच साफुराला मागणी घालायला सावेलुगूची मंडळी आली. मुलगा आलिदू रेडिओवर बातम्या देतो. साफुरानं त्याला आधीच पसंत केला होता, पण वडीलधाऱ्यांच्या बैठकीशिवाय काही होत नाही. पंखा पुढच्याच खोलीत, म्हणून साफुराच्या काकांनी पाहुण्यांना तिथं बसवलं. फिल्मचं काम कॉम्प्युटरवर चालूच होतं. घर नीटनेटकं दिसावं म्हणून काकांनी ट्रंकेतला जाळीचा टेबलक्लॉथ काढून डब्यावर पांघरला. खिडकीतला वारा बरा म्हणून पाहुण्यांतले मुख्य, आफा इसाहाकू, घेरदार अंगरखा पसरून बरोबर डब्यापुढं बसले. आफा म्हणजे गावचे मौलवी, भारदस्त माणूस.

मी कोपऱ्यातून आकडे चढताना बघत होतो. बोलणी रंगली होती. सांगावं कसं? साफुरा आत, मी वयानं लहान.

आफांनी रिवाजानं मागणीसाठी आणलेल्या कोला फळांच्या टोपलीवर हात ठेवला आणि घसा साफ करून मागणीच्या आडवळणाच्या बोलण्याला सुरुवात केली. "आम्ही तुमच्या अंगणात एक कोंबडी पाहिली—"

"ताप चढलाय!" आत्या कडाडली.

काकांनी दचकून दाराकडे पाहिलं.

"वाऱ्यासमोर कोण बसलंय? उठा आधी."

आफा उठले. त्यांच्यामागून बरोबर आलेले दोघे म्हातारेही उठले. कुठून आवाज आला, कोणाला उद्देशून आला, कोणीही विचारलं नाही.

"आणि ते कापड काढा!"

आफांचे हात अंगरख्याच्या काठाला गेले. तो अंगरखा छातीपर्यंत वर आला, तेव्हा काकांनी धावत जाऊन त्यांचे हात धरले. मी डब्यावरचा टेबलक्लॉथ ओढला आणि हसू दाबत खाली बसलो. आतल्या खोलीत साफुराच्या हातून भांडं पडलं.

सगळं समजावून सांगितल्यावर आफांनी अंगरखा खाली ओढून सारखा केला. मग म्हणाले, "पायाला खिळा लागला होता तेव्हा ही बाई माझ्या उशाशी होती. त्या आवाजाला नाही म्हणायची सवय नाही मला. बाहेर बसू या."

बैठक कडुनिंबाखाली हलली. बाजरीचं थंड सरबत आलं आणि आतल्यापेक्षा बोलणी सोपी झाली. लग्न पावसाळ्यानंतर ठरलं. शेवटी काकांनी विचारलं, की पोरगी सासरी गेली तरी तिचं काम चालू राहील ना?

"राहील," आफा म्हणाले. "पण ते यंत्र आमच्याकडे नको. इथंच ठेवा. सून रोज येईल, आलिदू मोटारसायकलवर सोडेल. तसं शब्दात बांधून घ्या."

आत्या परतली तेव्हा तिच्या वाटणीची कोला फळं आम्ही राखून ठेवली होती. मी सगळं रंगवून सांगितलं, आफांच्या अंगरख्यासकट. ती हसली नाही. तिनं एक फळ फोडलं, चावलं आणि त्या डब्याकडे बघत राहिली. तिच्या मनात काय होतं ते मला तेव्हा कळलं. लग्न म्हटलं की कॉम्प्युटरही जाणार, हे तिनं येंडीहून येतानाच गृहीत धरलं होतं.

"हा डबा इथंच राहणार?" तिनं साफुराला विचारलं.

"इथंच."

"बरं," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आणि तू. आकडा चढताना दिसत होता, तर उठला का नाहीस?"