गाडीतली शिवणखोली

गोडेलिव्ह आणि मी शाळेत एकाच बाकावर बसत होतो. सिस्टर लुडगार्डांच्या शिवणाच्या तासाला माझ्या टिपा उसवल्या जायच्या आणि तिच्या टिपा वर्गभर फिरवून दाखवल्या जायच्या. पुढे चर्चमागच्या गल्लीत तिने दुकान थाटले. लग्नाचे झगे, बँडवाल्यांचे कोट, मिरवणुकीचे झेंडे, सारे तिच्याच हातून जाई. नवरा वारल्यावर मात्र तिने दुकान आणि वरचे घर विकले आणि एक जुनी पांढरी व्हॅन घेतली, आत बिछाना आणि छोटी शेगडी असलेली. गावाला वाटले, ही आता स्पेनला जाऊन उन्हात बसणार. ती गेली ती शेजारच्या गावच्या जत्रेला.

आमच्या फ्लँडर्समध्ये उन्हाळ्यात दर रविवारी कुठे ना कुठे मिरवणूक असते आणि मिरवणूक म्हटली की काहीतरी फाटतेच. तिथेच कडेला गोडेलिव्हची व्हॅन उभी असते, खिडकीशी शिलाई मशीन, वर दिवा.

मशीनला घरातली वीज लागते आणि गाडीत असते ती बॅटरी. तिचा करंट घरातल्यासारखा करून देणारा इन्व्हर्टर बिछान्याखाली बसवलेला आहे. पहिल्यांदा तिने स्वस्तातला घेतला होता. त्याच्यावर मशीन गुरगुरायचे, आणि पायाने हलकेच दाबले तरी सुई सुसाट सुटायची. "सुईनं माझं ऐकायचं, मी तिचं नाही," म्हणत तिने तो परत केला आणि जास्त पैसे मोजून घरच्यासारखी संथ वीज देणारा आणला. त्यावर मशीन, दिवा, छोटी इस्त्री आणि कॉफीचे यंत्र सगळे चालते. फक्त इस्त्री आणि कॉफी एकदम नाही. "याला एका वेळी एकच मालकीण झेपते," असे ती व्हॅनमध्ये पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला बजावते.

तिची मुलगी कत्रिन हिला हे सगळे मुळीच पसंत नव्हते. तिच्या घराखालचा फ्लॅट रिकामा होता. गेल्या वसंतात तिने आईकडून माझ्यादेखत वचन घेतले. "गाडीपायी एक जरी काम फसलं ना आई, तर गाडी विकायची आणि खाली राहायला यायचं."

"बरं बाई," गोडेलिव्ह म्हणाली आणि दोरा ओवत राहिली. पण दोरा तिला पुन्हा ओवावा लागला, तो का ते मला कळले.

मग आमच्या गावच्या मेलानीचे लग्न आले. मेलानी म्हणजे आमची राक्षसीण. वेताचा सांगाडा, लाकडी डोके, उंची दुमजली घराएवढी. झग्याच्या आत माणसे शिरून तिला नाचवतात. नवरा तिस्त कालव्यापलीकडच्या गावचा, असाच वेताचा आणि तेवढाच धिप्पाड; आसपासच्या गावांचे राक्षसही वऱ्हाडी म्हणून येणार होते. मिरवणुकीच्या सकाळी मी व्हॅनमध्ये बटणे लावत होते, कत्रिन सुट्टी घेऊन आली होती आणि गोडेलिव्ह नवरीच्या डोक्यावरच्या लांबलचक जाळीला इस्त्री करत होती. तेवढ्यात लग्न समितीचा फिर्मिन धापा टाकत आला. हातात पांढऱ्या साटिनची आख्खी बाही, खांद्यापासून कोपरापर्यंत फाटलेली.

"गोदामाच्या दारात अडकली. गोडेलिव्ह, अगं, पाहुणे राक्षस सगळे मैदानात उभे आहेत! काही नाही जमलं तर शाल पांघरायची म्हणतायत."

"लग्नात शाल? मेलानीला काय सर्दी झालीय?" गोडेलिव्हने बाही हिसकावली. "बस तिथे. हलू नकोस."

आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला कॉफी विचारायची नसते, ती ठेवायची असते. कत्रिनने काही विचार न करता यंत्राचे बटण दाबले. इस्त्री चालूच होती. कॉफी अर्धी गळते न गळते तोच बिछान्याखालून किंचाळी आली, लाल दिवा लागला आणि सगळे बंद पडले. मशीनवरचा दिवाही.

"आई! मी... फिर्मिनकाका आले म्हणून..."

"एका वेळी एकच मालकीण," गोडेलिव्ह शांतपणे म्हणाली. वायरी काढून, थोडे थांबून तिने इन्व्हर्टर पुन्हा सुरू केला. तो जागा झाला खरा, पण बॅटरीचा काटा खाली होता. आकाश ढगाळ, सकाळभर इस्त्री चाललेली, छपरावरच्या सौर पॅनेलने काही भरलेच नव्हते. गाडी सुरू करून बॅटरी भरावी, तर मैदानात माणसे जमल्यावर इंजिनाला मनाई.

"मशीन थोडंसंच खातं, तेवढं निघेल," ती म्हणाली. "इस्त्री विसरा."

"पण साटिनची शिवण दाबल्याशिवाय फुगेल," मी म्हणाले.

कत्रिनचा चेहरा पडला होता. वचन तिने घेतले होते आणि ते खरे करायची वेळ तिनेच आणली होती. गोडेलिव्हने तिच्याकडे पाहिले. "कॉफी गरम आहे ना? त्या सपाट बुडाच्या पातेलीत ओत. वर झाकण. आता माझा स्वच्छ रुमाल शिवणीवर ठेव आणि मी शिवत जाईन तशी मागून पातेलीनं दाबत ये."

"कॉफीनं? पांढऱ्या साटिनवर?"

"थेंब सांडलास तर तुझ्या लग्नाचा झगा कापून बाही करेन."

मशीन सुरू झाले. आई पुढे शिवत होती, लेक मागून पातेली सरकवत होती, जीभ दाताखाली धरून, लहानपणी अक्षर गिरवताना धरायची तशी.

"आणि माझी कॉफी?" फिर्मिनने हळूच विचारले.

"तुझी कॉफी कामावर गेलीय."

शेवटची टीप पडली आणि इन्व्हर्टरने बॅटरी संपत आल्याची बारीक पीप दिली. गोडेलिव्हने पेडलवरून पाय उचलला आणि दातांनी दोरा तोडला. फिर्मिन शिडीवर चढला, बाही बसली, बँड वाजला. मेलानी हात हलवत गेली. शिवण सरळ होती. डाग कुठेही नव्हता, मी जवळ जाऊन पाहिले.

व्हॅनच्या पायरीवर कत्रिन पातेलीतली कोमट कॉफी पीत बसली होती.

"फसलं का गं काम?" गोडेलिव्हने विचारले.

"नाही," कत्रिन म्हणाली. मग म्हणाली, "पण माझ्यामुळे फसलं असतं."

"ते वचनात नव्हतं."

खालच्या फ्लॅटमध्ये आता एक तरुण जोडपे राहते. या वसंतात गोडेलिव्ह निघाली तेव्हा कत्रिनने तिला एक भलामोठा थर्मास दिला, तोही कॉफीने भरून. "पाहुण्यांसाठी. बटणाला हात लावायचा नाही," ती म्हणाली, आणि वाटेत हलू नये म्हणून मशीनचे स्टूल स्वतःच पट्ट्याने घट्ट बांधून ठेवले.