मध्यंतराला उठलेल्या दोघी

त्या आठवड्यात मी बरेच सिनेमे पाहिले आणि एकही शेवटपर्यंत पाहिला नाही.

नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीतल्या गाठीत सुई घातली, काढलेलं तपासायला पाठवलं आणि म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी या. तोवर नेहमीसारखं राहा." नेहमीसारखं म्हणजे सकाळी जव्हारहून एसटीने मोखाड्याला कचेरीत जायचं, टंचाईच्या फायली पुढे सरकवायच्या, संध्याकाळी घरी यायचं. ते सगळं चालू होतं. पण हात जरा रिकामा झाला की जीव थाऱ्यावर राहायचा नाही. बसले की उठावंसं वाटे, उठले की कशाला उठले ते आठवत नसे. म्हणून मोबाईलवर सिनेमे लावायला लागले.

एकात नायक एकटाच अख्ख्या बंदरावरची माणसं लोळवत होता. लोळवू दे, माझं काही म्हणणं नाही. पण इतका मार खाऊन त्याला एकदाही तहान लागली नाही, एवढं मात्र मला सहन झालं नाही. मी बंद केला. दुसरा आपला मराठी, घरगुती. सगळे भाऊ-बहिणी एका लांबलचक टेबलाभोवती बसून रडतात आणि रडता रडता गोड होतात. ताटातलं कोणी खात नव्हतं. माझं सगळं लक्ष त्या निवत चाललेल्या वरणाकडे. तिसरा भुताचा होता. भूत विहिरीत राहत होतं, आणि विहिरीला काठोकाठ पाणी! मे महिन्यात आमच्या भागात ते भूत केव्हाच दुसरीकडे राहायला गेलं असतं.

ही मतं ऐकायला माझ्याकडे हक्काचं माणूस होतं. शेजारच्या टेबलावरची माझी सहकारी. सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यावर तिचं माहेर. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. दर सोमवारी चहाच्या वेळी आम्ही पाहिलेल्या सिनेमाची सालं काढायचो. मी चिडून बोलणार आणि ती बाजू घेणार, हे ठरल्यासारखं. सिनेमा कसाही असो, तिला त्यात काहीतरी आवडायचंच. एकदाच काय ती उखडली होती. एका गाजलेल्या सिनेमात जंगलातली माणसं पिसं लावून नाचताना दाखवली होती.

"ताई, सगळ्यांचे पाय एकदम कसे पडतात हो?" ती म्हणाली होती. "आमच्यात तारपा वाजला की एखादा म्हातारा तरी उलट्या अंगाने जातोच. त्याच्याशिवाय नाच कसला?"

गाठीचं मी घरात फक्त नवऱ्याला सांगितलं होतं आणि बाहेर फक्त हिला. नवरा शाळेत शिक्षक. ऐकल्यावर तो उठून कामाला लागला. त्या दिवशी त्याने गच्चीवरची पाण्याची टाकी घासली, दुसऱ्या दिवशी पंखे पुसले, मग माळ्यावरची सगळी भांडी खाली काढली. बुधवारी येतो म्हणाला. मी नको म्हटलं. तो येता तर दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसला असता, आणि मला त्याला धीर देत बसावं लागलं असतं.

"मग मी येते," सहकारी म्हणाली. विचारलं नाहीच, सांगितलं. रजेचा अर्ज टाकून ती बुधवारी मोखाड्याच्या स्टँडवर उभी होती. जव्हारहून निघालेल्या एसटीत मी तिच्यासाठी खिडकीची जागा धरली होती. पण तीच म्हणाली, तुम्ही बसा खिडकीला, वारा लागू दे.

दवाखान्यात पोचलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "लॅबमधून रिपोर्ट अजून आलेला नाही. मॅडम तीनला भेटतील."

तीनला! आम्ही रस्त्यावर आलो. ऊन मी म्हणत होतं. समोरच्या मॉलकडे बोट दाखवून सहकारी म्हणाली, "तो पिक्चर लागलाय बघा. कचेरीत सगळे बोलतात तो. इथे बाकड्यावर बसून तुम्ही नखं खाल. त्यापेक्षा आत गार तरी आहे."

गार म्हणजे कुडकुडायला लावणारं गार. तिने तिची ओढणी माझ्या खांद्यावर टाकली. मोबाईल मांडीवर उलटा ठेवून मी पडद्याकडे बघू लागले. सिनेमा चांगला चालला होता, खोटं कशाला बोलू. नायक कुस्तीगीर, गरिबाघरचा, मोठ्या स्पर्धेची तयारी करतोय. आई एकटी. मातीचा रंग छान, मुलाचं काम छान. मी जरा मागे टेकलेसुद्धा. आणि तेवढ्यात ती आई पदर तोंडाला लावून खोकली.

मला पुढचं सगळं दिसलं. तसंच झालं. आई एकटीच डॉक्टरकडे जाते, डॉक्टर चष्मा काढतो, आई म्हणते, "माझ्या लेकाला कळता कामा नये." मग घरी येऊन चुलीपुढे बसते आणि भाकऱ्या थापता थापता हसते. लेकाकडे बघून इतकं गोड, इतकं शांत हसते की मागून बासरी सुरू होते. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसायला लागल्या.

मला आलं ते रडू नव्हे, संताप. "खोटं आहे हे," मी म्हटलं. मला वाटलं हळू म्हटलं. "अशी कोणी हसत नाही. खोटारडे आहेत सगळे."

मागून कोणीतरी "ओ काकू, बघू द्या की," म्हणालं. माझे पाय आपोआप हलायला लागले होते, पुढची खुर्ची थरथरत होती. सहकारीने माझ्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला. नशिबाने मध्यंतर झालं आणि मी लोकांच्या पायांवरून वाट काढत बाहेर पळाले.

ती मागोमाग आली. बाहेर मक्याच्या लाह्यांचा वास, सेल्फी काढणारी पोरं. मी भिंतीच्या कडेने येरझाऱ्या घालत होते. ती उभी राहून बघत होती.

"मी आत येत नाही," मी म्हटलं. "तुला बघायचा असला तर बघ. मी इथे फिरते."

"मला बघायचाय," ती म्हणाली. पण हलली नाही.

"तुला आवडली ती बाई?"

"ती लपवते, ते बरोबर आहे."

"बरोबर?" माझा आवाज चढला. "जीव जायची वेळ आली आणि ही भाकरी थापत हसते, ते बरोबर? तू ह्यातही काहीतरी चांगलं शोधणार का?"

"हसते ते खोटं," ती म्हणाली. "लपवलं ते खरं. माझ्या आईने लपवलं होतं."

मी थांबले. इतक्या वर्षांत तिने आईचं एवढंच सांगितलं होतं, की लवकर गेली.

"आमची भाताची आवणी चालू होती," ती सांगू लागली. तिची नजर माझ्याकडे नव्हती, तिकीट खिडकीकडे होती. "तिला काखेत गाठ आलेली. कोणाला बोलली नाही. आवणी होऊ दे, मग नागली लावू दे, मग निंदणी. सारखी काम काढायची. आणि हसत नव्हती ताई, बिलकूल नाही. सगळ्यांवर खेकसायची. मला एकदा रोपांची मूठ फेकून मारली. मी तेव्हा आश्रमशाळेतून आवणीच्या सुट्टीला आलेली. मला वाटायचं, मी आलेली हिला आवडत नाही. सुट्टी संपायच्या आधीच मी परत गेले, रागाने."

तिने पर्सचा बंद खांद्यावर नीट केला.

"दिवाळीला आले तेव्हा ती उठत नव्हती. तेव्हा मावशीने सांगितलं मला."

मी तिची ओढणी खांद्यावरून काढून तिच्या हातात दिली, जणू तिला थंडी वाजत होती. तिने ती घेतली आणि परत माझ्याच खांद्यावर टाकली.

"तुम्ही मला सांगितलं ना त्या दिवशी, चहाच्या वेळी," ती म्हणाली. "मला आधी भीती वाटली. मग बरं वाटलं. म्हटलं, ही बाई तोंडाने बोलली तरी."

आतून सिनेमाचा आवाज पुन्हा सुरू झाला. ढोल, शिट्ट्या. आम्ही दोघी सरकत्या जिन्याने खाली उतरलो.

तीनला डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. त्यांनी चष्मा काढला नाही. जेवण नुकतंच झालं असावं, हात पुसत पुसत म्हणाल्या, "साधी गाठ आहे. काळजीचं काही नाही. सहा महिन्यांनी दाखवून जा."

"नक्की?" हे मी नाही, सहकारीने विचारलं.

"नक्की. पण दाखवायला यायचं. विसरायचं नाही."

मला वाटलं होतं, असं ऐकल्यावर मी रडेन, किंवा देवाला हात जोडेन. तसं काही झालं नाही. मला कडकडून भूक लागली, आणि त्या बाईंचा राग आला, की इतकी साधी गोष्ट सांगायला आठवडा का लावला. बाहेर येऊन नवऱ्याला फोन केला. सांगितलं. तो म्हणाला, "बरं." मग त्याने विचारलं, "मग आतापर्यंत काय करत होतात?"

"पिक्चरला गेलो होतो."

"कसा होता?"

मी रस्त्यात उभं राहून त्याला सांगत सुटले. कुस्तीच्या प्रसंगात कॅमेरा फार फिरतो, संगीत कानठळ्या बसवतं, आईचं पात्र लिहिणाऱ्याने आई कधी पाहिलेली नाही, बाकी मुलगा गुणी आहे. तो सगळ्याला हं, हं म्हणत होता. बोलता बोलता माझा आवाज कापायला लागला, तेव्हा मी फोन ठेवला.

परतीच्या एसटीत आमच्या समोरच्या बाकावर कॉलेजातली एक मुलगी होती, त्र्यंबकला उतरणारी. तिच्या मोबाईलवर त्याच सिनेमाचं गाणं वाजत होतं. सहकारीने वाकून विचारलं, "पाहिलास का गं हा?"

"दोनदा."

"मध्यंतरानंतर काय होतं? आम्ही उठून आलो."

मुलगी खुशीत सांगू लागली. मुलाला फायनलच्या आदल्या दिवशी कळतं, तो स्पर्धा सोडून धावत येतो, आई त्याला परत पाठवते, तो जिंकतो.

"आणि आई?"

"वाचते ना. परदेशातून मोठा डॉक्टर येतो, ऑपरेशन करतो. शेवटी ती स्टेडियममध्ये असते, हार घेऊन. खूप भारी आहे शेवट."

"वाचते," सहकारी म्हणाली आणि मागे टेकली. त्र्यंबक आलं, मुलगी उतरली, गाडी पुढे निघाली. घाटाची वळणं लागली. मी तिरक्या नजरेने बघितलं. मला वाटलं, आता ही नेहमीसारखी शेवटाची बाजू घेईल.

"आमच्याकडे डॉक्टर आला नाही, असं मी कोणी विचारलंच तर सांगते," ती हळू आवाजात म्हणाली. "खरं म्हणजे खोडाळ्याच्या दवाखान्यापर्यंत जीप जायची तेव्हा. आम्ही गेलोच नाही. तिनेच जाऊ दिलं नाही."

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला. मोखाडा आला. स्टँडवर अजून उजेड होता. सूर्यमाळकडे जाणारी शेवटची जीप भरत आली होती. त्या दिवशी तिचा विचार माहेरी जायचा नव्हता. तिचं घर स्टँडच्या मागेच. पण उतरल्यावर तिने घराचा रस्ता धरला नाही. जीपवाल्याला हाक मारून थांबवलं आणि मागच्या फळीवर दोन बायकांच्या मध्ये जाऊन बसली. मी खिडकीतून ओरडले, "अगं, उद्या कचेरी आहे!"

"सकाळच्या जीपने येते," ती म्हणाली. "बापाला बघून येते जरा."

मी जव्हारला पोचले. नवऱ्याने भात लावून ठेवला होता, माळ्यावरची सगळी भांडी घासून ओट्यावर पालथी घातली होती. आम्ही जेवलो. तो म्हणाला, "आता स्वस्थ बस जरा." मी बसले. मग उठून ती भांडी एकेक करून पुन्हा माळ्यावर चढवायला लागले, आणि तो खालून हातात देऊ लागला.