काळ्या लोकरीचा टोप

माण तालुक्यातल्या गावाकडची मेंढरं विकून आम्ही कुपवाडला आलो, तेव्हा घरात काळ्या लोकरीचं एक पोतं तेवढं उरलं होतं. लोकरीचा वास आला की मला सातवीतलं नाटक आठवतं. प्राचीन इजिप्तमधल्या सरदाराघरची मेजवानी बसवायची होती. तिथले श्रीमंत डोकं भादरून केसांचा टोप घालत, म्हणून आईनं त्या लोकरीच्या बारीक वेण्या वळून टोप केला. इतिहासाच्या बाईंनी तो ठेवून घेतला आणि मालकिणीचं काम वर्गातल्या एका कारखानदाराच्या मुलीला दिलं. मला म्हणाल्या, “तू मागं उभी राहून पंखा हलव. तुम्हाला कामाची सवय असते.” ती मुलगी नाक दाबून म्हणाली, “मेंढराचा वास येतोय गं.” मी तिचे सगळे संवाद पाठ केले. नाटकादिवशी पाहुणे येऊन बसले आणि मी टोप माझ्याच डोक्यावर चढवला. बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, “दे इकडं.” मी म्हटलं, “न्हाई मिळायचा. माज्या आईनं केलाय. आन् टोपाबिगर मालकीण नसती, तुमीच शिकवलंय.” पडदा सरकला. त्या मुलीच्या हातात पंखा आला. “जोरात हलव,” हे नाटकात नसलेलं वाक्य मी तीनदा म्हटलं. त्याची मला आजही लाज वाटत नाही. पुढं इतिहास घेऊन मी बी.ए. झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली.