धाकट्याचा दाखला

माझा वाढदिवस ग्राउंडवर साजरा होतो तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटतं. नांदेडला मी पोरापोरींना फुटबॉल शिकवतो. त्या दिवशी ते केक आणतात, तोंडाला फासतात, "सर, भाषण! सर, भाषण!" म्हणून गोंधळ घालतात. मी खेकसतो, "आधी दोन राऊंड मारा, मग भाषण!" त्यांना वाटतं, सर लाजून राहिले. लाजायचं काय डोंबलाचं? तो वाढदिवस माझा नाहीच. माझ्या धाकट्या भावाचा आहे. तो त्या दिवशी धर्माबादला मिरचीच्या अडतीवर पोती उतरवून घेत असतो, आणि संध्याकाळी न चुकता फोन करतो. "दादा, हॅप्पी बर्थडे," म्हणतो आणि खो खो हसतो.

नावही त्याचंच आहे. जर्सीच्या पाठीवर होतं ते, टीव्हीवर कॉमेंटरीवाला घ्यायचा ते, माझ्या कोचिंगच्या लायसनवर आहे ते. माझं खरं नाव शेताच्या सातबाऱ्यावर तेवढं उरलंय. आई होती तोवर तिच्या तोंडात होतं.

सांगतो कसं झालं ते. आमचं गाव देगलूर तालुक्यातलं. मी नांदेडला हॉस्टेलवर राहून शिकत होतो, म्हणजे शिकायचं नाव आणि खेळायचं काम. सोळा वर्षांखालच्या निवडीला मी काही महिन्यांनी मोठा निघालो. मी रडायच्या बेतात. पीटीचे सर म्हणले, "रडतो काय बैलासारखा? धाकटा भाऊ हाय ना घरी? त्याचा दाखला आण." तेव्हा हे सगळीकडे चालायचं. टीममधल्या निम्म्या पोरांना मिसरूड फुटलेली आणि कागदावर सगळे बाळकृष्ण. चोरी केली असं कोणाला वाटायचंच नाही. भावाचं ते आपलंच, त्यात काय!

मी गावाकडं गेलो. आईनं पेटीतून त्याचा जन्माचा दाखला काढून दिला आणि मी भाकरी बांधून घेण्याच्या घाईत तो ओट्यावरच विसरलो. एसटी सुटायला आली तेव्हा धाकटा धावत आला. तेरा वर्षांचा होता. पाय अनवाणी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला दाखला. खिडकीतून आत देत म्हणला, "दादा, माझं नाव पेपरात येईल ना रे?" मी म्हणलो, "येईल की." त्याला इतका आनंद झाला की गाडी वळेपर्यंत तो हात हलवत होता.

माझी निवड झाली. मुंबईला एका क्लबच्या अकॅडमीत गेलो. मग कागदावर कागद चढत गेले. बँक, पासपोर्ट, पुढं आधार. आधारला दोघा भावांचे ठसे तेवढे वेगळे, बाकी नाव, बाप, जन्मतारीख सगळं एक. लग्नपत्रिकेवर माझं कोणतं नाव छापायचं यावरून आमच्या घरात आठ दिवस भांडण चाललं होतं. पाहुण्यांना हसायला विषय झाला. मीही हसलो.

इथवर असतं तरी मी स्वतःला माफ केलं असतं. पुढचं माफ होत नाही.

मी दाखला नेल्यावर दोन वर्षांनी पीटीच्या सरांनी धाकट्याला गावच्या शाळेच्या मॅचमध्ये पाहिलं. डावखुरा होता. मी साधा बॅक, धावायचो, आडवा पडायचो, लाथा खायचो. याच्या पायात मात्र खरंच काहीतरी होतं, बॉल त्याच्याजवळ आला की घाईच संपायची. सरांनी त्याला विभागाच्या निवडीला लातूरला न्यायचं ठरवलं. मग त्यानं मला मुंबईला अकॅडमीच्या हॉस्टेलवर फोन केला. "दादा, मला पण घेऊन राहिले!"

मी आधी हादरलो, मग भडकलो. "डोकं फिरलं का तुझं? एकाच नावाचे, एकाच तारखेचे दोन खेळाडू कागदावर आले तर माझं काय होईल? हाकलून देतील मला. दोन वर्षं थांब. मी सेट झालो की तुझं बघतो."

तो म्हणला, "हाव दादा." सरांना त्यानं सांगितलं, पाय मुरगळलाय.

मी सेट झालो. मुंबई झाली, गोवा झालं, कोलकात्यात तीन सीझन खेळलो. एकदाच टीव्हीवर गोल मारला, तोही कॉर्नरवरून डोक्याला लागून गेलेला. धाकट्यानं तो अजून मोबाईलमध्ये ठेवलाय. अडतीवर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो, "ऐका, नाव कोणाचं घेऊन राहिला!" लोकांना वाटतं, भावाचं कौतुक आहे. कौतुक असेलही. पण "माझं बघणार होतास त्याचं काय झालं?" असं त्यानं मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. भांडलो असतो, दोन शिव्या खाल्ल्या असत्या, मोकळा झालो असतो. न विचारणाऱ्या माणसापुढं काय करायचं?

गुडघा गेला आणि मी नांदेडला येऊन कोच झालो. धाकट्याची पोरगी सहावीत गेली तेव्हा मी तिला आमच्याकडं शिकायला आणली. मनात म्हणलं, बापाचं राहिलं, पोरीचं करू. पोरगी डावखुरी. पहिल्या दिवशी तिनं बॉल थांबवला तो अगदी बापासारखा. मी तिला इतरांपेक्षा जास्त पळवायचो, जास्त ओरडायचो. ती मला 'मोठे पप्पा' म्हणते. ग्राउंडवर शंभरदा दम दिला, "इथं सर म्हणायचं!" की मान डोलवायची आणि दुसऱ्या मिनिटाला लांबून आरोळी, "मोठे पप्पा, पास!" सगळं ग्राउंड हसायचं. तिच्या शाळेच्या कागदांवर पालक म्हणून सही मीच करायचो. नाव तेच, सहीही तीच, कोणाला कळणार? तीही हसायची, "दोन पप्पा, एक सही."

मागच्या महिन्यात लातूरला मुलींची निवड होती. तीन जणांच्या निवड समितीत मी एक. पुतणी खेळणार आहे हे आधी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नव्हतं, कारण नात्याचं निघालं की नावाचं निघतं. धाकटा खास रजा घेऊन आला होता. इतक्या वर्षांनी तो लातूरच्या त्या निवडीला आला, पण पोरीची बॅग धरून.

टेबलावरचे साहेब फॉर्म तपासत होते. ते थांबले, माझ्याकडं बघून हसले. "काय सर, पोरगी तुमची आणि सांगत नाही होय? वडील म्हणून तुमचंच नाव, वडिलांची जन्मतारीख पण तुमचीच. आणि हे कोण?" त्यांनी बॅग धरून उभ्या असलेल्या धाकट्याकडं बोट केलं.

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं. वर्षानुवर्षं मला वाटत आलं होतं की कधीतरी असा प्रश्न येईल आणि मी सगळं सांगून टाकीन. पण डोळ्यासमोर लायसन आलं, ग्राउंड आलं, साठ-सत्तर पोरं आली. तेवढ्या वेळात धाकटा पुढं होऊन बोलला.

"मी काका हाय तिचा, साहेब. सोबत आलतो."

"असं होय," साहेब म्हणले. "मग सर, तुमच्या पोरीचे गुण बाकीचे दोघं देतील. तुम्ही तेवढा वेळ बाजूला बसा."

मी जाऊन बाजूला बसलो. मला माझी लाज वाटली. आणि त्याहून वाईट म्हणजे सुटल्यासारखं वाटलं. पोरगी तिथंच खाली बसून बुटाची लेस बांधत होती. तिनं वर पाहिलं, आधी बापाकडं, मग माझ्याकडं. मग परत लेस बांधायला लागली.

ती चांगली खेळली. यादीत तिचं नाव आलं, मागं बापाचं. लोक येऊन माझा हात हातात घेत होते, "अभिनंदन सर, पोरगी बापावर गेली!" धाकटा तिकडं नळावर तिची बाटली भरत होता. मी हात सोडवून त्याच्याकडं गेलो. म्हणलो, "अरे, तू असं का बोललास?"

"मग काय करू? तू गप्पच. एवढ्या वर्षांचं वाया गेलं असतं, दादा." बाटलीचं झाकण लावत तो हसला. "आणि थांबायची मला सवय हाय."

तो चिडून बोलला असता तर मला इतकं लागलं नसतं.

काल संध्याकाळी जेवायला बसलो होतो. पोरगी वाढत होती. म्हणली, "सर, भाकर घेता का अजून?"

बायको हसली, "अगं, घरात कशाला सर?"

पोरीनं माझ्या ताटात भाकर टाकली. जेवण झाल्यावर तिनं राज्याच्या स्पर्धेचा फॉर्म काढला. सवयीनं मी हात पुढं केला, पालकाच्या सहीच्या जागी पेन टेकवणार तेवढ्यात तिनं कागद ओढून घेतला. जोरात नाही, हळूच.

"नको, सर. इथं पप्पाची सही पाहिजे. परवा रविवार हाय, मी सकाळच्या गाडीनं धर्माबादला जाऊन येते."

"मी पण येतो," मी म्हणलो.

"कशाला?"

ती खरंच विचारत होती.

म्हणून हे लिहायला बसलो. रविवारी तिच्यासोबत जाणार आहे. आधी हे सगळं धाकट्याला वाचून दाखवीन. तो "राहू दे दादा" म्हणेल, मला माहिती आहे. तरी सोमवारी हे त्या साहेबांच्या टेबलावर जाईल, मग लायसन राहो का जावो. खाली सही माझ्या खऱ्या नावानं करायचीय. सकाळपासून पेपरच्या कोऱ्या कडेला गिरवून बघतोय. अजून नीट येईना.