गुणाची पोर
वडगावात दुपारी चारला कारखान्याचा भोंगा वाजला, की मी अजूनही मनानं कळंबला, आईच्या घरात जाऊन पोचते. मी बाळंतीण, लेक सहा दिवसांची, खोलीत ओव्याच्या धुरीचा वास. तिथल्या कारखान्याचा भोंगा दिवसातून तीनदाच व्हायचा. भोंगा झाला की पाजायचं आणि मधे रडली तर पाजायचं, हा आईनं घालून दिलेला नेम. दोन दिवस झाले, ती मधे रडतच नव्हती.

त्या दुपारी भोंगा असा कर्कश वाजला, की गोठ्यातली म्हैस बिचकली. पोरगी मात्र हलली नाही.

"कसं निवांत झोपलंय! लई गुणाचं हाय गं," आई कौतुकानं म्हणाली. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मलाही झोप मिळत होती.

तेवढ्यात आरोग्यकेंद्राच्या आशाताई बाळाचं वजन करायला आल्या. त्यांनी लंगोट चाचपला, तर कोरडा. तळपायाला टिचकी मारली. पोरीनं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

"मावशी, ही झोपली न्हाय. रडायला जोरच न्हाय तिच्यात. कवापासून उपाशी हाय?"

आई बोटांवर भोंगे मोजायला लागली.

वाटी-चमच्यानं थेंब थेंब दूध पाजतच आम्ही दवाखाना गाठला.

आता लेक नववीत आहे. शेजारणी तिला गुणाची पोर म्हणतात, तेव्हा मी आधी तिच्याकडे बघून घेते. काल रविवारी भोंगा झाला, ती वहीवर डोकं ठेवून झोपलेली. मी हळूच तळपायाला टिचकी मारली.

"आई, काय गं सारखं!" ती खेकसली.

मग मी चहा टाकला.